सहा ठिपक्यांचं झाड

विभागाच्या वार्षिक अंकासाठी शेवकरी सरांवर लिही, असं मला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. त्यांना वीस-वीस वर्षं ओळखणारी माणसं विभागात आहेत. मी त्यांना पाहिलं ते एम.एस्सी.ची दोन वर्षं, आणि त्यातही जास्त पाहिली ती त्यांची पाठ. गुरुवारच्या सेमिनारला ते दुसऱ्या बाकावर कडेला बसत आणि मी त्यांच्या बरोबर मागे, तिसऱ्यावर. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलरच्या आत घडी घालून ठेवलेला रुमाल आणि मानेवर उन्हानं उठलेली काळी रेघ. शेतात राबणाऱ्या माणसाच्या मानेवर असते तशी. गणिताच्या प्राध्यापकाला ती कशी, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

सर आमच्या कुरुळीचे. म्हणजे गाव त्यांचं, आम्ही तिथे भाड्यानं राहणारे. माझे वडील लातूरकडून आलेले, एका कंपनीत तयार माल तपासायच्या टेबलावर आहेत. आम्ही राहत होतो ती दहा खोल्यांची चाळ सरांच्या धाकट्या भावाची, दत्ताअण्णांची. जमिनी कंपन्यांखाली गेल्या तसं त्यांच्या भाऊबंदांपैकी कुणी खोल्या बांधल्या, कुणी ट्रक घेतले. सरांनी मात्र आपल्या वाट्याचा एक तुकडा राखला होता. पहाटे उठून मेथी-कोथिंबिरीला पाणी द्यायचं, मग आंघोळ करून स्कूटरवरून विभागात यायचं. मानेवरची रेघ तिथली होती.

अण्णांचा सरांवर जीव, पण चेष्टा केल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. चाळीच्या दारात खुर्ची टाकून बसले, की समोरून जाणाऱ्या स्कूटरकडे बघत मोठ्यानं म्हणायचे, "आमचा तात्या उभ्या जन्मात झाडंच लावतोय, आन् एकालाबी फळ न्हाई."

सर स्कूटर थांबवून सांगायचे, "तुजी झाडं तोडून तू खोल्या बांधल्यास. म्हणून मला कागदावर लावावी लागत्यात."

ही कागदावरची झाडं काय, ते पुढे सांगते. आधी सेमिनारचं.

आमच्या विभागात दर गुरुवारी तीन वाजता सेमिनार असतो. कुणी बाहेरून येतं, कुणी विभागातलंच असतं. आपण सध्या काय शोधतोय, कुठे अडलोय, ते फळ्यावर सांगायचं. मी पहिल्यांदा गेले ती हजेरी लागते असं समजून. हजेरी नव्हती. तेव्हा उठून जावं तर सगळे बघतील, म्हणून बसून राहिले.

त्या दिवशी एका मोठ्या संस्थेतले पाहुणे बोलत होते. पडद्यावर एकामागून एक पानं सरकत होती. मला काहीच कळत नव्हतं, पण बाकीच्या सगळ्यांना कळतंय असं त्यांच्या माना बघून वाटत होतं. एका ठिकाणी पाहुणे म्हणाले, "हे तर उघडच आहे," आणि पुढे गेले.

शेवकरी सरांचा हात वर झाला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ, खांद्यापासून.

"सर, मला न्हाई कळलं."

"कुठलं?"

"तुमी उघड हाय म्हणालात ना, तेच."

हसू पसरलं. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल."

"पुस्तक घरी हाय. तुमी हितं हाय. तुमीच सांगा की."

पाहुण्यांनी खडू उचलला. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी ते फळ्याकडेच बघत म्हणाले, "इथे एक अट घालायला हवी. नाहीतर हे होत नाही. गेली चार वर्षं मी हे उघड म्हणत होतो." सर ताडकन उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चेष्टेनं नाही. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. शाळेपासून 'कळलं नाही' हे वाक्य मी फक्त मनातल्या मनात म्हटलं होतं. साठीला आलेला माणूस ते भरल्या खोलीत असं म्हणतो, आणि त्यानं त्याचं काहीच कमी होत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांची सेमिनारची वही शंभर पानी, शाळेची असते तसली. डाव्या पानावर कळलेलं लिहायचं, उजव्या पानावर न कळलेलं. मीही तशीच वही केली. एकदा व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं.

"सूर्यवंशी, उजवं पान किती भरलं?"

"पूर्ण, सर."

"आन् डावं?"

"तारीख आणि पाहुण्यांचं नाव."

ते इतके हसले की खिशातला खडू खाली पडला. खडू उचलत म्हणाले, "मग बरोबर चाललंय. माझं पहिलं वर्ष तर नावबी चुकीचं लिहिण्यात गेलं."

पण सेमिनारमधली खरी त्यांची म्हणावी अशी रीत वेगळीच होती. व्याख्यान अर्ध्यावर आलं की सर उभे राहत आणि कोऱ्या पाठीच्या कागदांचा गठ्ठा वाटत. त्यांचा पुतण्या एका कंपनीत होता, तिथले रद्द झालेले तपासणीचे छापील कागद ते त्यासाठी आणत. मग म्हणत, "हातानं करा." म्हणजे पाहुणे जे काही सांगत असतील त्याचं सगळ्यात लहान उदाहरण प्रत्येकानं दहा मिनिटांत स्वतः करून बघायचं. यातून सूट कुणालाच नव्हती. विभागप्रमुख मॅडम करत, पाहुणे करत, चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांनाही कागद मिळे. एकदा एक मोजणी होती, त्यात मामांचं उत्तर बरोबर निघालं आणि मॅडमचं चुकलं. त्या गुरुवारी मामांनी चहा आधी स्वतः घेतला, मग बाकीच्यांना दिला.

काही पाहुण्यांना हे आवडत नसे. एकानं विचारलंही, "आम्ही काय शाळेत आलोय का?" सर शांतपणे म्हणाले, "मोठ्या आकड्यात चूक लपून बसती, सर. लहान आकड्यात तिला बसायला जागा नसती." आणि कागद त्यांच्या हातात दिला.

आता झाडं. गणितात झाड म्हणजे काही ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. अट एवढीच की सगळे ठिपके एकमेकांना जोडलेले हवेत आणि फिरून परत त्याच ठिपक्यावर येणारा रस्ता नको. ठिपक्यांना एकपासून क्रमानं आकडे द्यायचे, पण असे की प्रत्येक रेघेच्या दोन टोकांतला फरक वेगळा यावा. एका ओळीत पाच ठिपके असतील तर एक, पाच, दोन, चार, तीन असे आकडे द्या. फरक येतात चार, तीन, दोन, एक. जमलं. असं प्रत्येक झाडाला जमतं का, हे जगात अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. माणसं एकेका जातीचं झाड घेऊन त्याच्यापुरतं सिद्ध करत बसतात. सर नऊ वर्षं एका जातीमागे होते. लहान लहान झाडं घ्यायची, प्रत्येकाच्या मधल्या ठिपक्याला 'एक' हाच आकडा द्यायचा, आणि मग त्या ठिपक्यांतून ती एकमेकांना जोडत मोठं झाड उभं करायचं.

मेअखेर ते निवृत्त होणार होते. एप्रिलातल्या एका गुरुवारी त्यांनी स्वतः व्याख्यान दिलं. नऊ वर्षांचं काम पुरं झालं होतं, सोमवारी लेख पाठवायचा होता. त्यांच्याकडे पीएच.डी. करणारे अमोलदादा पहिल्या बाकावर होते. त्यांच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सरांच्या याच निकालावर उभं होतं आणि दोन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता. त्या दिवशी सर शहरी मराठीत सुरू झाले, आणि रंगले तसे गावच्या बोलीवर आले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्यावर त्यांनी स्वतःलाच थांबवलं. कागद वाटले. "आपापलं झाड घ्या. मधी एक ठिपका, त्याला दोन फांद्या. फांदीला टोकं हवी तेवढी. मधल्याला एक द्या, बाकीचं बसवा."

सगळ्यांनी दोन्ही बाजूंना सारखी टोकं काढली. एक-एक, नाहीतर दोन-दोन. झाड काढायचं म्हटलं की हात आपोआप तसाच जातो. माझ्या कागदाला फाईलचं भोक होतं, त्यामुळे एका फांदीला दोन टोकं काढली आणि दुसरीला एकच बसलं. मधला एक, फांद्यांचे दोन, टोकांचे तीन, असे एकूण सहा ठिपके. मी आकडे घालायला लागले. बसेनात. खोडले, परत घातले. बसेनात. दहा मिनिटं झाली.

"झालं का सगळ्यांचं?"

"झालं, सर," खोली म्हणाली. मीही मान हलवली.

हे मान हलवणं मला अजून आठवतं.

त्या रात्री आणि शुक्रवारी मी तेच सहा ठिपके काढत राहिले. शनिवारी दुपारी माझ्या लक्षात आलं, की मधल्याला एक दिला तर सहा त्याच्या शेजारीच यायला हवा, कारण पाचाचा फरक दुसरीकडून येऊ शकत नाही. मग चाराच्या फरकासाठीही मोजक्याच जागा उरतात. एकूण चार वाटा होत्या, आणि चारही पुढे बंद होत होत्या. चूक माझी नव्हती. ते झाड सरांच्या पद्धतीनं लागतच नव्हतं.

वडील दुसरी पाळी संपवून आले, तेव्हा मी तशीच बसले होते.

"जेवलीस का न्हाई? काय करायलीस एवढं?"

मी सांगितलं. त्यांना झाडं कळली नाहीत, चूक कळली.

"मालकाच्या भावाची चूक काढायलीस? रूम सोडाय लावतील की पोरी."

त्यांनी हातपाय धुतले, ताटावर बसले, दोन घास खाल्ले. मग म्हणाले, "ते सोमवारी पाठवणार हायत का?"

"हो."

"मग उद्याच सांग. आमच्याकडं एक पीस खराब सापडला तर मी अख्खी लॉट थांबवतो. साहेब बोंबलतो, पण गाडी निघाल्यावर सांगून काय उपेग?"

रविवारी सकाळी मी सरांच्या रानात गेले. ते पायजमा दुमडून कोथिंबिरीला पाणी देत होते. "काय गं, भाजी न्यायला आलीस व्हय?" म्हणाले. मी वही पुढे केली. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, बहुतेक माझंच चुकलं असेल."

ते बांधावर उकिडवे बसले. वही गुडघ्यावर ठेवली. चारही वाटा बोट ठेवून वाचल्या. मग कोरं पान उलटून स्वतः केलं. मग परत केलं. एका वाफ्यातून पाणी फुटून दुसऱ्यात शिरलं, तिसऱ्यात शिरलं, तरी ते उठले नाहीत. मीच फावड्यानं माती लावली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "अमोलचं तिसरं प्रकरण गेलं."

नऊ वर्षं आपली होती, पण आधी आठवलं ते अमोलदादांचं प्रकरण.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी बसलं नव्हतं, सर."

"मग हात का न्हाई वर केलास?"

"वाटलं, मलाच येत नसेल."

"नसतं आलं, तर काय झालं असतं?"

ते रागावले नव्हते, पण आवाज वेगळा होता. "वीस वर्षं हा सेमिनार चालवला मी. आन् तिसऱ्या बाकावरची पोरगी अजून हात वर करायला भेती. म्हंजे चुका दोन झाल्या माझ्या. ही दुसरी मोठी हाय."

तेवढ्यात अण्णा मोटारसायकलवरून आले. "तात्या, पानी चाललंय सगळं वढ्याला! ध्यान कुठंय?"

"अण्णा, माझं झाड पडलं."

अण्णांनी आधी रानात चौफेर पाहिलं. मग भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चेष्टा केली नाही. गाडी लावली, चपला काढल्या आणि गुपचूप पाणी वळवायला लागले.

त्याच दुपारी सर स्कूटरवरून तळेगावला अमोलदादांच्या खोलीवर गेले. पुढे काय झालं ते अमोलदादांनी मला नंतर सांगितलं. सर आत आलेच नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "अमोल, माझ्यामुळं तुझं एक प्रकरण पडलं. आता ते परत उभं राहीस्तोवर माझे सगळे रविवार तुझे." अमोलदादांना रडू आलं. मग सर आत आले, चहा त्यांनीच केला, आणि संध्याकाळपर्यंत दोघं प्रकरणातलं काय काय वाचवता येतंय ते बघत बसले.

सोमवारी लेख गेला नाही. पुढच्या गुरुवारी सेमिनारच्या वेळेतच त्यांचा निरोप समारंभ ठरलेला होता. सरांनी मॅडमना सांगितलं, आधी मला अर्धा तास द्या, गेल्या गुरुवारचं चुकीचं होतं ते सांगायचंय. मॅडम कळवळून म्हणाल्या, "सर, निरोपाच्या दिवशी कशाला? बाहेरून माणसं येणार आहेत. लेख अजून गेलेला नाही, कुणाला कळलेलंही नाही."

"गेल्या गुरुवारी चाळीस जणांना मी खोटं सांगितलं, मॅडम. ते घेऊन माणसं घरी गेली. त्यांना कळायला नको?"

त्या दिवशी खोली भरलेली होती. निवृत्त झालेले जुने प्राध्यापक आले होते, दत्ताअण्णा पांढऱ्या कपड्यांत घरच्यांना घेऊन मागच्या बाकांवर बसले होते. टेबलावर शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. सरांनी पुष्पगुच्छ बाजूला सारून डस्टर घेतलं. फळ्यावर सहा ठिपके काढले. पाच रेघा ओढल्या.

"माझ्या पद्धतीनं ह्या झाडाला आकडे बसवून दाखवा," ते म्हणाले आणि कागद वाटले. पाहुण्यांनाही. दहा मिनिटं सगळे आकडे घालत, खोडत राहिले. मग सरांनी चारही वाटा फळ्यावर एकेक करून बंद केल्या.

"दोन्हीकडं सारखी टोकं असली की जमतं. तेवढंच मी तपासत बसलो होतो. वाकडं झाड काढूनच बघितलं न्हाई." त्यांनी खिशातून आपला छापील लेख काढला. "आन् हे बघा, अकरावं पान. मी लिहिलंय, 'हे सहज दिसते.' तुमाला सगळ्यांना असल्याच शब्दांवरनं हटकलं वीस वर्षं."

खोली हसली, पण जरा जपूनच. सरही हसले. मग म्हणाले, "हे झाड माझं न्हाई. सूर्यवंशीचं हाय. तिनं काढलं, तिनंच पाडलं." सगळे वळले. मी बाकाकडे बघत राहिले. तेव्हा मान वर करायला हवी होती, असं आता वाटतं.

मग मॅडम पुढे झाल्या, त्यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. त्या बोलायला उभ्या राहणार, एवढ्यात सर म्हणाले, "थांबा. प्रश्न राहिले. कुणाला काही?"

मागून दत्ताअण्णांचा आवाज आला, "तात्या, जेवनं थंड व्हत्यात."

"अण्णा, प्रश्न हाय का तुझा?"

"न्हाई बाबा."

माझा हात मी वर केला. सरळ जायला हवा होता, अर्धाच गेला. पण गेला.

"बोल."

"सर, दोन फांद्यांचं हे झालं. तीन फांद्या घेतल्या आणि दोघींना एक-एक टोक, तिसरीला दोन, असं केलं तर?"

सर फळ्याकडे वळले. डस्टरनं जुन्या वाटा पुसल्या. मग म्हणाले, "मी हे करून बघितलेलं न्हाई. मला म्हाईत न्हाई." हे म्हणताना ते त्या पहिल्या गुरुवारी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवताना होते तसे खुलले होते. श्रीफळ त्यांनी अमोलदादांच्या हातात दिलं आणि खडू घेतला.

जेवणं सुरू झाली होती, माणसं एकेक करून उठत होती. मला साडेपाचची बस गाठायची होती. जूनमध्ये वडिलांना राजगुरुनगरकडच्या कारखान्यात पाठवलं, आम्ही चाळ सोडली, आणि सरांना मी त्यानंतर फळ्यासमोर पाहिलेलं नाही. म्हणून दारातून वळून पाहिलं ते लक्षात आहे. फळ्यावर आठ ठिपके होते. मधल्यात एक लिहिलेला होता, बाकीचे रिकामे. अमोलदादा श्रीफळ काखेत धरून शेजारी उभे राहून काहीतरी सुचवत होते. सर मान हलवून नाही म्हणत होते. शाल एका खांद्यावरून घसरून जमिनीला लागली होती आणि तिच्यावर खडूची भुकटी पडत होती. पहिल्या बाकावर, हातात कागद आणि पेन्सिल घेऊन, दत्ताअण्णा येऊन बसले होते.